ओल्या भिंतीतला बोकड

बारामतीच्या एसटी स्टँडसमोर केस कापायचं एक दुकान होतं. नंबर येईपर्यंत तिथं पेपर फुकट वाचायला मिळायचा, म्हणून मी दाढी घरी करत नसे. एका रविवारी पुरवणी हातात आली आणि मधल्या पानावर मला माझा बोकड दिसला.

अर्ध्या पानाचा फोटो होता. शेळगावच्या डेअरीची भिंत, खाली धुऊन पालथे घातलेले दुधाचे कॅन आणि ओल्या चुन्यातून वर आलेला बोकड. एका कानाला सुतळीनं अडकवलेला चष्मा, उजवी मिशी वर, डावी खाली, पुढचा एक पाय उचललेला. फोटो काढणाऱ्या प्राध्यापकांचं नाव ठळक छापलं होतं. पुण्यातल्या त्यांच्या प्रदर्शनाची माहितीही होती. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या अंड्याएवढ्या अक्षरांत : ‘चित्रकार – अनामिक’.

न्हावी म्हणाला, “पेंटर, या. तुमचा नंबर.”

“अनामिकाची कसली दाढी करतोस?” असं म्हणून मी तसाच बाहेर पडलो. पेपर माझ्या हातातच राहिला. तो पेपर त्याचा होता, हे न्हावी अजूनही काढतो.

नव्वद सालानंतरची ती पाच-सहा वर्षं बारामती ते इंदापूर रस्त्यावरच्या आणि आसपासच्या गावांतल्या भिंती मी रंगवत होतो. फ्लेक्स अजून यायचे होते. बियाणं, खत, सिमेंट, पाइप, बनियन, जे काही खेड्यात खपवायचं असेल ते आधी माझ्या ब्रशातून जायचं. मोपेडच्या एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला डबे, आणि मध्ये जागा उरली तर मी. अक्षरं शिकलो ट्रकच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे. जनावरं शिकलो आज्याकडून. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आज्याला कळपातल्या प्रत्येक मेंढराचं तोंड ओळखू यायचं. “माणसं समदी सारखीच दिसत्यात, मेंढरं न्हाय,” असं तो म्हणायचा. मी कळता होईपर्यंत मेंढरं गेली होती आणि कन्हेरीत थोडी जमीन आली होती. पण आज्याची नजर माझ्यात उतरली ती उलटी होऊन. माणसाकडं बघितलं की मला आधी त्याच्यातलं जनावर दिसतं.

भिंतीचं भाडं कुणी देत नसे. रिवाज असा होता : ज्याची भिंत घ्यायची त्याला ती पूर्ण चुन्यानं रंगवून द्यायची, आणि वर त्याला पाहिजे ती एक ओळ फुकट लिहायची. कुणी ‘सुस्वागतम्’ मागायचं, कुणी ‘आई-वडिलांची पुण्याई’. एकानं ‘येथे गाढव बांधू नये’ असं लिहून घेतलं होतं आणि त्याच्याखाली त्याचंच गाढव बांधलेलं असायचं. बाकी सगळा सौदा. माझं डोकं लवकर तापतं, हे खरं आहे. पण सौदा करताना ते किती तापू द्यायचं, हेही मला कळतं. आरडाओरडा करून मिळवलेल्या भिंती माझ्याकडं शंभरात साठ होत्या.

सौद्यात कुणी फसवलं तर मात्र मी भांडत नसे. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचो. मग भर दुपारी त्या गावात जायचो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवर त्या माणसाला काढून यायचो. गेरू, काजळी आणि ब्रश, एवढं पुरे. दुपारीच का, तर शिडीवर चढून भिंत रंगवणाऱ्याकडं दुपारी कुणी बघत नाही. लपूनछपून काही केलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलो असतो. मोरगावात एका हॉटेलवाल्यानं शब्द फिरवला, त्याला मी हातपंप केला. ओठाच्या जागी नळ, नळाखाली चहाचा कप. त्याच्या चहाची चव माहीत असलेल्या माणसाला खाली नाव लिहायची गरजच नव्हती.

सही मी कधी केली नाही. हातपाय शाबूत हवे होते.

आता तात्या. शेळगावचे हे तात्या म्हणजे सौद्याच्या बाबतीत माझ्यापेक्षा वरचढ असलेला मला भेटलेला पहिला माणूस. त्यांचं घर वळणावर होतं. इंदापूरकडून येणाऱ्या गाडीतून त्यांची भिंत आधी दिसायची, गाव नंतर. कीटकनाशकाच्या जाहिरातीसाठी मला ती भिंत हवीच होती.

तात्या ओट्यावर बसलेले. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. बोलताना उजव्या हातानं उजवी मिशी पिळायची सवय, त्यामुळं ती वर गेलेली आणि डावी बिचारी खाली.

“भिंत देतो की,” तात्या म्हणाले. “पर मागची भिंत बी रंगवून दे.”

“मागची भिंत कोण बघतंय, तात्या?”

“म्हस बघती.”

मी मागची भिंत कबूल केली. शिडी लावायला गेलो तर तात्यांनी पंजा वर केला. “थांब. आन् एक ऱ्हायलंच. गोठा.”

गोठा कबूल केला. “आन् एक ऱ्हायलंच,” असं म्हणत पाण्याचा हौद आला, मग परसातला न्हाणीचा आडोसा आला. तीन दिवस मी चुना मारत होतो. चौथ्या दिवशी सकाळी जाहिरातीसाठी हिरव्या रंगाचा डबा उघडला, तोच पंजा वर झाला.

“थांब पेंटर. आमची मंडळी म्हनत्यात, घरावर इखाच्या औशधाचं नाव नगं.”

“हे तीन दिवस आधी म्हणता आलं नसतं का?”

“तवा चुना कुठं झाला हुता?” तात्या म्हणाले, आणि चहा घेणार का विचारलं. मी चहा घेतला. वर अजून अर्धा कप मागितला. मग डबा बंद करून निघून आलो.

पंधरा दिवसांनी एका दुपारी शेळगावच्या डेअरीच्या भिंतीवर मी बोकड काढला. सकाळचं दूध गेलेलं आणि संध्याकाळचं यायचं असल्यामुळं तिथं चिटपाखरू नव्हतं. मी आयुष्यात काढलेल्या जनावरांत त्याच्याइतकं नीट उतरलेलं दुसरं नाही. पुढचा पाय पंजासारखा वर उचलला होता. तो बघितल्यावर ‘आन् एक ऱ्हायलंच’ हे कानात ऐकूच यायचं.

संध्याकाळी दूध घालायला आलेल्या गावानं तो बघितला. तात्याही कॅन घेऊन आले. असं कळलं की रांगेतलं कुणी हसलं नाही, फक्त मागून कुणीतरी म्हणालं, “तात्या, पुढचा पाय जरा खाली घ्या की, मला जाऊ द्या.” मग मात्र डेअरीचं माप घेणाऱ्याच्या हातून लिटरभर दूध सांडलं.

आठवड्यानं तात्यांचा निरोप आला : एक भिंत पुसायची आहे, पेंटरनं यावं.

मी गेलो. तात्यांनी बोकड दाखवला. मी चेहरा जमेल तेवढा गंभीर केला. “कुणी केलं असेल हो, तात्या?”

“तेच हुडकतोय. घावला की तंगडी मोडनार.”

“मोडायलाच पाहिजे,” मी म्हणालो. “पुसतो. पण मला तुमची वळणावरची भिंत हवी. औषधाच्या जाहिरातीसाठीच हवी.”

त्या दिवशी पंजा वर झाला नाही. भिंत मिळाली.

बोकड मी पुसला, पण चुना पातळ धरला. ज्यानं घर स्वतः रंगवलंय त्याला हे ठाऊक असेल : पातळ चुना वाळला की पांढरा दिसतो आणि ओला झाला की काचेसारखा होतो, खालचं सगळं दाखवतो. डेअरीवर रोज सकाळी कॅन धुवायचे. पाणी भिंतीवर उडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन धुतले आणि बोकड वर आला. आधी चष्मा, मग मिशी, मग पाय. तासाभरात भिंत वाळली आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गावातली माणसं, ज्यांच्या घरी म्हैस नव्हती तीसुद्धा, सकाळी डेअरीवर येऊ लागली.

तात्यांनी मला परत बोलावलं. “गेरू लै मुरलेला हाय तात्या, अजून एक हात द्यावा लागंल,” असं म्हणून मी गोठ्याची बाहेरची भिंत पाइपांच्या जाहिरातीसाठी घेतली. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा विहिरीवरची मोटारीची खोली घेतली. चुना तिन्ही वेळा तोच होता.

चौथ्यांदा गेलो ती सकाळ निराळी होती. मी शिडी लावून उभा, तात्या शेजारी, कॅन धुणं चाललेलं. एवढ्यात एसटीतून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक उंच, लांब मानेचा माणूस उतरला. पुण्यात चित्रकला शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी बोकड वर येताना बघितला आणि ते जागच्या जागी थिजले.

“हे कोणी काढलं?” त्यांनी विचारलं.

“मला घावला तर तुमाला बी दावीन,” तात्या म्हणाले. “तंगडी मोडल्याव.”

मग प्राध्यापकांनी माझ्याकडं बघून तेच विचारलं. मी म्हणालो, “काही कल्पना नाही साहेब.”

“बरं, जरा ही शिडी बाजूला घेता का? फोटोत येतेय.”

मी शिडी बाजूला घेतली. शिडीबरोबर मीही बाजूला झालो. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ती प्राध्यापकांनी पंचवीस माणसांसमोर सांगितली.

एवढं असूनही पेपर बघितल्यावर माझं डोकं फिरलं. का फिरू नये? कंपन्यांची नावं मी हातभर अक्षरांत लिहिली, त्यांना तीन रंगांच्या सावल्या दिल्या. दोन तालुक्यांत नळ दुरुस्त करणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांची नावं माझ्या हातची होती. माझं स्वतःचं नाव कुठंतरी लागायची पहिली वेळ आली, तर तिथं अनामिक! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पुण्याला गेलो.

गॅलरी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. एवढ्या स्वच्छ पांढऱ्या भिंती, आणि त्यावर कुणाची जाहिरात नाही. माझा हात शिवशिवायला लागला. लोक देवळात बोलतात त्याहून हळू बोलत होते. बोकड दाराएवढा करून समोरच टांगला होता.

गॅलरी चालवणाऱ्या बाई पुढं आल्या. साधी सुती साडी, आवाज मऊ. माझ्याइतकाच पक्का सौदा करणारं माणूस आहे, हे मला दोन वाक्यांत कळलं.

“हा बोकड मी काढलाय,” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असेल, कारण चार माणसं वळली.

“बसा ना,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच काढलाय, हे कशावरून?”

“मी सांगतोय त्यावरून.”

“काढून दाखवता?” त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढं केली.

इथं माझी फजिती झाली. माझा हात खांद्यापासून फिरतो, मनगटातून नाही. त्या वहीएवढ्या कागदावर बोकड काढला तो चष्मा लावलेला उंदीर झाला. बाईंनी तो सरळ धरून बघितला, मग उलटा धरून बघितला.

“मला भिंत द्या,” मी म्हणालो. “ती समोरची रिकामी आहे.”

“भिंत देता येणार नाही.”

“मग बोकडही येणार नाही.”

बाई हसल्या. “असं करा. ज्यांची भिंत आहे त्यांच्याकडून लेखी आणा. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. तोवर आणलंत तर मी स्वतःच्या हातानं नाव बदलीन.”

गाडीत बसल्यावर मला बाईंनी काय मागितलंय ते नीट कळलं. भिंत डेअरीची, आणि डेअरीचे चेअरमन त्या वर्षी तात्या होते. म्हणजे नाव हवं असेल तर तात्यांसमोर जाऊन ‘तो मीच’ असं कबूल करायचं. नाव नको असेल तर अनामिक म्हणून दोन्ही पायांवर सुखानं चालत राहायचं. मोरगावपर्यंत मी पायांच्या बाजूनं होतो. बारामती आली तेव्हा नावाच्या.

शुक्रवारी शेळगावला गेलो. तात्या ओट्यावरच होते.

“तात्या, बोकडवाला पाहिजे होता ना तुम्हाला?”

“घावला?” तात्या उठलेच.

“घावलाय. पण तंगडी मोडायची नाही, हे आधी कबूल करा.”

“कबूल न्हाय.”

“मग सांगत नाही.”

तात्यांनी मिशीला पीळ दिला. “बरं, येकच मोडीन.”

मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी सुतळी कानामागं नीट केली आणि बराच वेळ फोटोकडं बघत बसले. मग माझ्याकडं बघितलं. मग मोपेडला बांधलेल्या शिडीकडं. माणूस हुशार होता, मला तोंड उघडावं लागलंच नाही.

“तू?”

“मी.”

“आन् पुसायला बी तूच?”

“हो.”

“चुना?”

“पातळ होता.”

“माझ्या तीन भिंती घेतल्यास भाड्या!” ओट्यावरची काठी त्यांच्या हातात आली. मी शिडीच्या पलीकडं गेलो. मोपेडभोवती आमच्या अडीच फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत तात्यांना दम लागला आणि मला बोलायला सवड मिळाली.

“तात्या, फोटोखाली काय लिहिलंय ते वाचा तरी!”

त्यांनी वाचलं. “अनामिक म्हंजी?”

“म्हणजे कुणाचा कोण, ते माहीत नाही.”

“ह्यो पुण्यात लावलाय व्हय?”

“दाराएवढा. लोक लांबून येऊन बघतात.”

तात्यांच्या हातातली काठी खाली आली. “त्वांड माझं, मिशी माझी, चष्मा माझा. आन् खाली माझं नाव बी न्हाय?”

“नाही तात्या.”

“आन् मला इचारलं बी न्हाय?”

“कुणी विचारणार! आपल्याला कोण विचारतंय?”

हे ‘आपल्याला’ मी मोक्याच्या जागी टाकलं होतं. तात्यांचा राग माझ्यावरून उठला आणि पुण्याच्या दिशेनं गेला. पण सौदा सोडतील तर ते तात्या कसले?

“येतो. लेखी-बिखी न्हाय, सोता येतो. पर मला तुझी भिंत पायजे. कन्हेरीतल्या तुझ्या घराची, रस्त्याकडची. मी पायजे तवा येनार, पायजे ते काढनार. तू पुसायचं न्हाय.”

तात्यांच्या हातात डेअरीच्या रजिस्टरवर सही करण्यापलीकडं लेखणी कधी मी बघितली नव्हती. म्हातारा काय काढणार? तरी सवयीनं मी घासाघीस केली. ते म्हणाले दोन वर्षं ठेवायचं, मी म्हणालो आठ दिवस. शेवटी मीच अक्कल चालवली, “गेरूनं काढायचं आणि पाऊस पडून धुवून गेलं की गेलं.” तेव्हा जून तोंडावर होता. तात्यांनी जरा आढेवेढे घेतले आणि कबूल केलं. आपण जिंकलो म्हणून मी शीळ वाजवत घरी आलो.

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही पुण्याला गेलो. तात्यांनी धोतर कडक इस्त्रीचं घातलं होतं, फेटा नवा, चष्मा मात्र सुतळीचाच. गॅलरीत शिरल्यावर ते कुणासाठी थांबले नाहीत. सरळ फोटोपाशी गेले, चित्राशेजारी उभे राहिले आणि लोकांकडं तोंड केलं.

बाई घाईनं पुढं आल्या, “अहो, जरा लांबून—”

तात्यांनी पंजा वर केला. “थांबा.”

उजवी मिशी वर, डावी खाली, सुतळी, पंजा. लोक बोकडाकडं बघायचे, मग तात्यांकडं, मग परत बोकडाकडं. कोपऱ्यातून कुणाला तरी हसू फुटलं आणि मग ती देवळासारखी जागा पार जत्रा झाली. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून वळल्या.

“हसून घ्या,” तात्या म्हणाले. “बोकड मी हाय. काढनारा ह्यो हाय. मला आवडलं म्हनून न्हाय सांगत, खरं हाय म्हनून सांगतो.”

तेवढ्यात प्राध्यापक आले आणि त्यांनी मला ओळखलं. “अहो, तुम्हीच ते शिडीवाले! मी तुम्हालाच विचारलं होतं, तुम्ही म्हणालात काही कल्पना नाही.”

पंचवीस डोकी माझ्याकडं वळली.

“तंगडी मोडणार होते,” मी तात्यांकडं बोट दाखवलं.

“ते अजून ऱ्हायलंच हाय,” तात्या म्हणाले.

बाईंनी शब्द पाळला. पेन घेऊन ‘अनामिक’ खोडलं आणि माझं नाव लिहिलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी म्हणालो, “बाई, मी एवढ्या आकाराची अक्षरं गोळ्यांच्या पाकिटावर बघितलीत. निदान वीतभर तरी करा.” त्या म्हणाल्या, “मोठं नाव पाहिजे तर स्वतःचं काम घेऊन या. मग बोलू.”

ते मी मनावर घेतलं. कॅनव्हास आणून बघितला, पण तो ब्रश टेकला की आत जातो. भिंत अशी माघार घेत नाही. शेवटी सिमेंटच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे कापले, त्यावर गेरू-काजळीनं जनावरं काढली आणि वर पातळ चुना मारला. कोरे पांढरे सहा पत्रे. ते एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, “पेंटर, पुण्यात घर शाकारायला घेतलं का काय?” गॅलरीत ते टांगले आणि शेजारी न्हाव्याकडं असतो तसला पाण्याचा फवारा ठेवला. बघणाऱ्यानं पाणी मारायचं, जनावर वर येणार, वाळलं की जाणार. फरशी ओली होईल म्हणून बाईंनी दोन दिवस वाद घातला. मी पोती अंथरायची कबूल केली, त्या बदल्यात दारावरच्या पाटीवर माझं नाव चार बोटं उंच घेतलं. मी एक हात मागितला होता.

उद्घाटनाला प्राध्यापक आले. मी त्यांना तिसऱ्या पत्र्यापाशी नेलं आणि फवारा हातात दिला. पाणी मारताच एका पायावर उभा राहिलेला, लांब मानेचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला बगळा वर आला. बगळ्याच्या मागं, चित्राच्या अगदी कडेला, बाजूला घेतलेली शिडी होती. प्राध्यापक मोठ्यानं हसले आणि फोटोसाठी मला मुद्दाम शेजारी उभं केलं. चांगला माणूस. माझा राग मात्र गेलेला नाही.

पेपरात माझं नाव आलं. आतल्या पानावर, ‘शहरात आज’ या सदरात, एका व्याख्यानाच्या आणि रक्तदान शिबिराच्या मध्ये. त्याच दाण्याच्या आकारात. मी ते कात्रण खिशात घालून कन्हेरीला परत आलो तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. घरासमोर तात्या उभे होते. हातात गेरूची ढेकळं भरलेली पिशवी.

“पाऊस संपला नव्हं?” त्यांनी विचारलं. “आता पुढल्या जूनपातूर तरी येत न्हाय.”

तेव्हा मला माझ्या अकलेची किंमत कळली. अख्खा पावसाळा हा माणूस मुकाट बसला होता, आणि नेमका आठ महिने कोरडे समोर ठेवून आला होता.

मी मान खाली घालून माझीच शिडी त्यांना लावून दिली. सकाळपासून दुपारपर्यंत तात्यांनी भिंतीवर काम केलं. माकड होतं. शिडीवर चढलेलं, एका हातात डबा, शेपूट डब्यात बुडवलेलं आणि शेपटीनंच भिंत रंगवणारं. हात वेडेवाकडे, पोट घागरीसारखं, पण माझी उकिडवं बसायची ढब बरोबर पकडली होती. आई घरातून आली, लुगड्याला हात पुसत बघत राहिली आणि म्हणाली, “कान तुझंच हायती.”

मी मनाशी म्हटलं, असू दे. खाली काही लिहिलेलं नाही. कुणाचं तरी माकड आहे, झालं. आईनं दिलेला चहा तात्यांनी घेतला, वर अजून अर्धा कप मागितला आणि ते रस्त्यापर्यंत गेले. इंदापूरच्या गाडीला अजून अर्धा तास होता. तिथून ते वळले आणि त्यांनी पंजा वर केला.

“पेंटर, थांब. आन् एक ऱ्हायलंच.”

परत येऊन ते शिडीवर चढले आणि माकडाखाली त्यांनी माझं नाव लिहिलं. आडनावासकट. अक्षरं डेअरीच्या रजिस्टरमधल्या सारखी, उजवीकडं कलणारी, काना मात्रेपेक्षा लांब. पण वीतभर नाही, चार बोटं नाही, चांगली हातभर. शेवटच्या अक्षरापाशी ढेकूळ संपलं, तर त्यांनी नखानं भिंत खरवडून ते पुरं केलं.

तेवढ्यात इंदापूरची गाडी दिसली आणि तात्या उतरून तिच्याकडं पळाले. गाडी थांबली. खिडक्यांतली माणसं भिंतीकडं बघायला लागली. शिडी मात्र तशीच भिंतीला टेकून राहिली होती आणि आडनावाची दोन अक्षरं तिच्यामागं झाकली गेली होती.

गाडीच्या दारात लोंबकळत तात्या ओरडले, “पुसायचं न्हाय ठरलंय हां!”

“पुसत नाही,” मी ओरडलो, आणि शिडी बाजूला घेतली.